अर्ज पाठवण्याआधी

"हात खाली घ्या बरं."

हे वाक्य आमच्या ऑफिसात दिवसातून कितीदा ऐकू यायचं ते विचारू नका. एखादं काम पुरं होऊन बाहेर जायच्या बेतात असलं, पाठवायच्या बटणावर कुणाचं बोट टेकलं, की पाठीमागून हा आवाज यायचा. मग आपण की-बोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवायचे आणि पडद्यावर जे काही लिहिलंय ते पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायचं. मी चांगला पस्तिशी ओलांडलेला, केस विरळ झालेला माणूस. तरी तो आवाज आला की माझे हात आपोआप खाली जायचे, आणि मग मला माझाच राग यायचा.

आम्ही त्यांना ताई म्हणायचो. ऑफिसातली तेलुगू मंडळी अक्का म्हणायची, साहेब मॅडम म्हणायचे. तिन्ही हाकांना त्या सारखीच ओ द्यायच्या. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेलच. घाईच्या वेळी नेमकं मधे उभं राहणारं, आणि सुटीवर गेलं की सगळ्यांना चुकल्यासारखं करणारं.

ताई मूळच्या नांदेडकडच्या. लग्न होऊन हैदराबादला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांच्या बोलण्यात मराठवाडा होता, दखनी होती, आणि चिडल्या की तेलुगूही यायची. मी पुण्याचा, म्हणून त्यांनी माझं नाव कधी घेतलंच नाही. "ओ पुणेकर, कशाला इतकी घाई करूलालाव?" असं सुरू व्हायचं. मला दोन शब्द खोचून बोलायची सवय आहे, ती त्यांच्यापुढे काही चालली नाही. मी खोचक बोललो की त्या शांतपणे "हाव" म्हणायच्या आणि आपल्या मुद्द्यावर परत यायच्या.

आमचं ऑफिस चिक्कडपल्लीच्या बाजारात, एका मिठाईच्या दुकानावर. माणसं मोजकीच. काम काय, तर छोट्या दवाखान्यांचे नंबर. समजा तुम्ही तुमच्या फोनमधल्या एआय सहाय्यकाला विचारलंत की हैदराबादच्या कोठी भागात आज कानाच्या डॉक्टरकडे नंबर मिळेल का, तर त्या बिचाऱ्याला ते कुठून कळणार? मधे कुणीतरी दुभाषा लागतो, जो दवाखान्याच्या संगणकाला विचारून सहाय्यकाला सांगेल. आमचा सर्व्हर म्हणजे तो दुभाषा.

पण असा सर्व्हर नुसता बनवून भागत नाही. जगभरचे लोक जिथून असे सर्व्हर शोधून आपल्या सहाय्यकाला जोडतात, त्या सार्वजनिक रजिस्ट्र्यांमध्ये तो लागावा लागतो. त्यातल्या मोठ्या रजिस्ट्रीत तपासायला माणसं बसलेली असतात. त्यांना पटलं तर नाव लागतं, नाही तर शेरे मारून परत येतं. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलने आमच्या साहेबांना सांगून ठेवलं होतं की तिथे नाव लागू द्या, मग आपण करार करू. साहेबांनी ताईंना सांगितलं होतं की ज्या दिवशी नाव लागेल त्या दिवशी तुम्ही पर्मनंट.

या शेवटच्या वाक्यावर ताईंचं सगळं टांगलेलं होतं. आधीच्या कंपनीने एका सकाळी बऱ्याच जणांना एकदम घरी बसवलं, त्यात त्या होत्या. त्यांच्या वयाला पुन्हा नोकरी मिळणं सोपं नसतं. आमच्याकडे त्या कंत्राटावर होत्या आणि कंत्राट त्या महिन्याच्या अखेरीला संपत होतं. पर्मनंट माणसांना घरच्यांसकट दवाखान्याचा विमा होता, कंत्राटवाल्यांना नव्हता. आणि ताईंच्या यजमानांचा खुबा पार झिजला होता. ते एका खासगी शाळेत गणित शिकवायचे; उभं राहवेना म्हणून शाळा सुटली. मी एकदा अंबरपेठेतल्या त्यांच्या घरी गेलो होतो. ते भिंतीला हात लावत दारापर्यंत आले आणि मला बघून असे हसले की जणू भिंतीला हात लावणं ही त्यांची लहानपणापासूनची आवड होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता थांबू नका, सगळा भार दुसऱ्या पायावर येतोय, तोही जाईल.

"पर्मनंट झाले की पहिलं ह्यांचा खुबा बदलून घेते," ताई डबा खाताना म्हणायच्या. दुसऱ्या कुणी आधी टीव्ही बदलायचं म्हणावं तितक्या सहज म्हणायच्या. पण त्या वेळी डब्यातला घास तसाच हातात राहायचा.

रजिस्ट्रीची तयारी ही बाहेरच्या माणसाला कंटाळवाणी वाटेल अशी गोष्ट आहे. सर्व्हर जी जी कामं करतो त्या प्रत्येकाचं वर्णन लिहायचं. कोडमध्ये कुणाचा पासवर्ड राहून गेला नाही ना ते बघायचं. तपासनिसांना वापरून बघायला एक नकली दवाखाना उभा करून द्यायचा. लोकांच्या माहितीचं आपण काय करतो ते कबूल करायचं. आणि प्रत्येक कामापुढे एक खूण करायची की हे काम फक्त वाचतं, की काही बदलतंसुद्धा. फक्त वाचणारं काम सहाय्यक आपल्या मालकाला न विचारता करून टाकू शकतो. बदलणाऱ्या कामाआधी त्याने दरवेळी थांबून परवानगी मागायची असते. ही खूण पुढे येणार आहे म्हणून एवढं सांगून ठेवलं.

वर्णनं मी लिहायचो आणि ताई ती फाडून खायच्या. मी लिहिलं होतं, 'उपलब्ध नंबर आणतं.'

"कुठून आणतं?" ताई. "कुणाला देतं? आणून ठेवून घेतं का काय करतं?"

"ताई, हे माणूस वाचणार नाहीये. यंत्र वाचणार आहे."

"म्हणूनच की. माणूस निदान विचारतो तरी."

मी लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहायला बसलो.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. सर्व्हर कसा जोडायचा याच्या सूचना लिहून झाल्या की त्या हिशेबाच्या टेबलावरच्या मूर्ती गारूंना, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मूर्तीरावांना, उचलून आणायच्या. मूर्ती गारूंना संगणक म्हणजे हिशेबाचा तक्ता, त्यापलीकडे काही नको असायचं. ताई त्यांना खुर्चीवर बसवायच्या, सूचना पुढे ठेवायच्या आणि स्वतः मागे स्टुलावर मांडीवर हात ठेवून, ओठ मिटून बसायच्या. मदत करायची नाही हा नियम. मूर्ती गारू अडले की वळून "अम्मा, इदी एमिटी?" म्हणजे हे काय, असं विचारायचे. ताई त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघायच्या. "पुणेकर, पायरी नीट लिहा." एकदा सूचनेतले 'इथे तुमचं नाव' हे शब्द मूर्ती गारूंनी जसेच्या तसे टाकले, आणि यंत्र दिवसभर त्यांना 'नमस्कार, इथे तुमचं नाव' अशी हाक मारत राहिलं. पुढे बरेच दिवस आम्हीही त्यांना तीच हाक मारत होतो. ते हसायचे, पण मागे वळून अक्कांकडे एक दुखावलेला कटाक्ष टाकायचे.

तर अशा बाईंनी नकली दवाखान्यावर समाधान मानलं असतं का? "खोट्या दवाखान्यावर खरी परीक्षा होत नसती," त्या म्हणाल्या. कोठीतले एक कान-नाक-घशाचे डॉक्टर त्यांच्या वर्षानुवर्षांच्या ओळखीचे. म्हातारे, एका बाकाचा दवाखाना, पण नंबरांसाठी संगणक बसवलेला. ताईंच्या शब्दाखातर त्यांनी तो आमच्या सर्व्हरला जोडू दिला. आम्ही एक प्रोग्राम लावून दिला. तो थोड्या थोड्या वेळाने डॉक्टरांच्या संगणकाला विचारायचा की बाबा, आज कुठले नंबर रिकामे आहेत? उत्तर बरोबर आलं की हिरवी टिकली.

"नुसतं विचारायचंच तर आहे," ताई म्हणाल्या. "घ्यायचा कुठं आहे नंबर?"

त्या आठवड्यात तो प्रोग्राम आम्ही आणखी जोरात पळवला. अर्ज गुरुवारी पाठवायचा ठरला होता. तपासणीला लागणारा वेळ धरला तर गुरुवारी अर्ज गेला तरच महिनाअखेरीच्या आत निकाल यायची आशा होती. गुरुवारी सकाळपासून ताई बोलतच नव्हत्या. पडद्यावर सगळ्या हिरव्या टिकल्या होत्या. मी गंमत म्हणून विचारलं, पेढे कुठले, खालचेच का? त्यांनी टिकल्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

जेवायच्या थोडं आधी त्यांचा फोन वाजला. कोठीचे डॉक्टर होते. म्हातारे मोठ्याने बोलायचे, त्यामुळे स्पीकर न लावताही मला सगळं ऐकू येत होतं.

"अम्मा, सुबे से मख्खियां मार रऊं मैं. कल भी ऐसाच. तुमारा कंप्यूटर मेरे पेशंटां खा गया क्या?"

ताई हसायला गेल्या आणि मधेच थांबल्या. फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी मला बोटाने पडदा दाखवला. मी डॉक्टरांच्या संगणकाकडून येणारी उत्तरं एकेक उघडून वाचू लागलो. आम्ही आजवर उत्तरातले नंबर तेवढे बघत होतो. त्यांच्या शेजारी एक बारीकशी नोंद यायची, तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. तो संगणक जुन्या पद्धतीचा होता. कुणी रिकामे नंबर विचारले की दाखवलेले नंबर तो थोडा वेळ अडवून ठेवायचा, दोघांना एकच नंबर जाऊ नये म्हणून. विचारणारा माणूस असता तर काही बिघडलं नसतं. पण आमचा प्रोग्राम अडवलेले नंबर सुटायच्या आत पुन्हा विचारत होता. दोन दिवस दवाखान्यातला प्रत्येक नंबर आम्ही अडवून बसलो होतो, आणि आमच्याकडे हिरव्या टिकल्या लागत होत्या.

"बंद करा," ताई म्हणाल्या. "सगळं बंद करा."

मी बंद केलं. त्यांनी पर्स उचलली.

"कुठं?"

"कोठीला. गाडी काढा."

"ताई, चारला साहेब येणार आहेत अर्ज पाठवायला."

"येऊ द्या."

काचीगुड्याच्या सिग्नलला आम्ही अडकलो. ऊन मी म्हणत होतं. मागे बसलेल्या ताई माझ्या हेल्मेटजवळ तोंड आणून विचारत होत्या, "किती लोक वापस गेले असतील हो?" मी म्हणालो, जातात लोक दुसरीकडे, कोठीत काय डॉक्टर कमी आहेत? सिग्नल सुटला तरी त्यांनी माझा खांदा धरलेला होता, आणि फार घट्ट धरलेला होता.

दवाखान्याचा बाक रिकामा. कंपाउंडर संगणकापुढे हात चोळत उभा. "स्क्रीन पे फुल दिखा रा था अम्मा, मैं क्या करूं? सबको बोल दिया, आज के नंबरां खतम." आत डॉक्टर पेपर वाचत बसलेले. बाहेर त्यांच्या नावाने माणसं परत जातायत याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"कोण कोण आलं होतं?" ताईंनी विचारलं. कंपाउंडर आठवू लागला. एक कानदुखीवाले चाचा. एक कॉलेजची मुलगी. आणि मघाशीच एक बाई आली होती, कडेवर लहान पोरगी, पोरीने नाकात चिंचोका घातलेला.

डॉक्टर खुर्चीवरून उठले ते पेपर खाली पडला. "उसको भी वापस भेजा? अरे, ओल लग के फूलता वो! पीछे सरक के सांस की नली में गया तो?"

तुम्ही कोठीला गेला असाल तर तिथली दुपार तुम्हाला माहीत असेल. पुस्तकांचे ढीग, औषधांची दुकानं, हातगाड्या, आणि या सगळ्यातून वाट काढणारी माणसं. त्यात एक बाई आणि एक पोर शोधायचं. कंपाउंडर एका बाजूला धावला, मी दुसऱ्या. ताई मधल्या गल्लीत शिरल्या. मी प्रत्येक कडेवरच्या पोराच्या नाकाकडे बघत चाललो होतो आणि लोक माझ्याकडे बघत होते. मी मनात हिशेब करत होतो की पावणेचारच्या आत परत निघायला हवं, आणि तो हिशेब करता करताच मी मधेच थबकलो. त्या पोरीला काही झालं तर साहेबांच्या चारचं मी काय करणार होतो?

सापडल्या त्या ताईंनाच. मागच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर ती बाई बसली होती, भावाची वाट बघत, सरकारी दवाखान्यात जायला. पोरगी तोंडाने श्वास घेत होती आणि रडून रडून आवाज बसला होता. ताईंनी काही न सांगता पोरीला उचललं आणि चालू लागल्या. आई ओरडत मागे धावली. मी मधे पडून तिला कसंबसं सांगितलं की डॉक्टर आहेत, नंबर आहे, चला.

पोरगी ताईंच्या मांडीवर. ताईंनी एका हाताने तिचं डोकं छातीशी दाबून धरलेलं, दुसऱ्या हाताने तिचे दोन्ही हात. तिने एक हात सोडवला आणि ताईंच्या मनगटाला नखं रुतवली. ताई हलल्या नाहीत. डॉक्टरांचा म्हातारा हात, तो पण हलला नाही. पुढून वाकडी अशी एक बारीक सळी आत गेली, पोरगी किंचाळली, आणि चिंचोका बाहेर आला. ओलसर, फुगलेला, त्याची साल सुटायला लागली होती. पोरीने नाकाने एक मोठा श्वास घेतला आणि मग आणखी मोठ्याने रडली. इतकं छान रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

त्या बाईला वाटलं ताई दवाखान्यातल्या नर्स आहेत. तिने ताईंचे हात धरले. "सिस्टर, अल्ला तुमको खुश रखे. वो कंपाउंडर तो भगा दिया था."

ताईंनी काही तरी सांगायला तोंड उघडलं. मग त्यांनी नुसताच पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर येऊन माझ्या गाडीजवळ उभ्या राहिल्या.

आम्ही परत आलो तेव्हा साहेब येऊन बसले होते. ताईंच्या पडद्यावर भरलेला अर्ज उघडा होता. मी सगळं सांगितलं. साहेब ऐकून घेताना घड्याळाकडे बघत नव्हते, हे मला कबूल केलं पाहिजे. वाईट माणूस नव्हता तो. बच्ची ठीक आहे ना, हे त्यांनी दोनदा विचारलं.

मग म्हणाले, "मॅडम, टेस्ट तो बंद हो गए ना? तपासनेवाले नकली दवाखाने पे देखेंगे, उसमें ये अडवनेवाला चक्कर हैच नहीं. उनको क्या मालूम पड़ता? 'फक्त वाचतं' पे खूण है, वैसाच भेज दो. बाद में ठीक कर लेंगे. एक-दो लोग पूछे तो क्या होता?"

"एक-दो लोग नहीं पूछेंगे, साहेब," ताई म्हणाल्या. "सब लोग पूछना बोल के तो रजिस्ट्री में डाल रहे हैं."

"'बदलतं' लिखे तो हॉस्पिटलवाले नहीं लेंगे. हर बार परमिशन पूछेगा वो. और तपासनी भी लंबी जाती. महिना निकल जाता." साहेब थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "आपका पर्मनंट भी इसीच पे है, मॅडम. भाईसाब का ऑपरेशन..."

खाली मिठाईवाले कढईत काही तरी तळत होते, त्याचा चर्र आवाज वरपर्यंत येत होता. मूर्ती गारू हिशेबातून मान वर काढून बघत होते. मी खुर्ची ताईंजवळ ओढली आणि मराठीत म्हणालो, "ताई, पाठवा. रविवारी मी बसतो आणि काय ते दुरुस्त करतो. कुणाचं काही बिघडत नाही." मी हे मनापासून म्हणालो. त्या हो म्हणाल्या असत्या तर मला आनंदच झाला असता, आणि आजही होईल.

ताईंचे हात मांडीवर होते. मनगटावर नखांचे लाल चंद्र उमटले होते, त्यांच्याकडे त्या बघत होत्या.

"वाचा," त्या मला म्हणाल्या.

मी नंबर दाखवणाऱ्या कामाचं वर्णन वाचलं. त्यांनी माऊस ओढला आणि खूण बदलली. 'फक्त वाचतं' गेलं, 'बदलतं' आलं. मग वर्णनाच्या शेवटी त्यांनी एक वाक्य टाईप केलं आणि ते स्वतः मोठ्याने वाचलं: हे काम करताना दाखवलेला नंबर थोडा वेळ अडून राहतो आणि तेवढ्या वेळात तो दुसऱ्या रुग्णाला मिळत नाही. साहेब उभे होते. ते त्यांना अडवू शकले असते. ताईंनी अर्ज पाठवला आणि साहेब वळून आपल्या खोलीत गेले. दार त्यांनी आपटलं नाही, हळूच लावून घेतलं.

पुढे साहेब म्हणाले होते तसंच झालं. तपासनिसांचे प्रश्न आले, त्यांना आम्ही उत्तरं दिली, त्यावर आणखी प्रश्न आले. हॉस्पिटलच्या लोकांनी दरवेळी परवानगी मागणारं काही नको म्हणून बैठक पुढे ढकलली. महिना संपला. साहेब म्हणाले, "बाद में देखते, मॅडम." त्यांना ताईंच्या डोळ्यांत बघवत नव्हतं, हे मी बघितलं.

शेवटच्या दिवशी ताई टेबल आवरत होत्या. मी शेजारी नुसता उभा होतो. खोचक बोलायची माझी सवय त्या दिवशी कुठे गेली होती कुणास ठाऊक.

"राग नाही आला साहेबांचा?" मी शेवटी विचारलं.

"त्यांचा कशाला? माझा मलाच आला. खऱ्या दवाखान्यावर तपासा म्हणून मीच मागं लागले होते की." त्यांनी पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. "ह्यांना काय सांगावं ते कळंना झालंय बघा, पुणेकर. मी घरी गेले की ते माझ्या तोंडाकडंच बघतेत."

त्या जिना उतरून गेल्या. मी गॅलरीतून बघितलं तर त्या बाजारातून बसथांब्याकडे चालल्या होत्या, पाठ अगदी ताठ. मला रडू आलं आणि मी ते मिठाईवाल्याच्या धुरावर ढकललं.

त्यानंतर मी त्या दवाखान्याच्या संगणकवाल्यांच्या मागे हात धुऊन लागलो. फोन, मेल, शेवटी त्यांच्या दारात जाऊन बसलो. नंबर न अडवता नुसते बघता येतील अशी वाट त्यांच्याकडून करून घेतली. कोठीच्या बाकावर बसून मी स्वतः बघितलं की आमचा सर्व्हर विचारत असताना पेशंटांना नंबर मिळतायत. मगच खूण परत 'फक्त वाचतं' वर नेली आणि अर्ज नव्याने पाठवला. ताई जाऊन बराच काळ लोटला होता. आणि एका सकाळी रजिस्ट्रीत आमच्या सर्व्हरचं नाव लागलेलं दिसलं. साहेबांनी खालून मिठाई मागवली. हॉस्पिटलवाल्यांना फोन गेला. मूर्ती गारूंनी टाळ्या वाजवल्या. मी फोन घेऊन जिन्यात आलो आणि ताईंचा नंबर लावला.

फोन त्यांच्या यजमानांनी उचलला.

"ती घरी नाही ओ. इंटरव्ह्यूला गेलीय, माधापूरकडं. फोन घरीच विसरली गडबडीत." मग म्हणाले, "काही निरोप होता का?"

"हो. एक चांगली बातमी आहे."

"मग थांबा, लिहून घेतो. चांगली बातमी चुकीची सांगायला नको."

फोन कुठे तरी ठेवल्याचा आवाज आला. मग काठीचा. काठी टेकली, मग थोडी शांतता, मग जमिनीवरून पाय ओढल्याचा आवाज. पुन्हा काठी. मी घरी गेलो होतो तेव्हा एकच पाय ओढला जात होता. आता दोन्ही ओढले जात होते. तो आवाज हळूहळू आतल्या खोलीत गेला. खण उघडला, बंद झाला. मग तो आवाज तसाच परत येऊ लागला. मागे ऑफिसात कुणीतरी मला हाका मारत होतं, मिठाई संपतेय म्हणून. मी फोन कानाला लावून जिन्याच्या पायरीवर बसलो.

"हां, सांगा," ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

"सांगा की सर्व्हर रजिस्ट्रीत लागला."

एकेक शब्द पुटपुटत त्यांनी लिहिलं. "अरे वा. अभिनंदन तुमचं. तुमचा आहे का तो सर्व्हर?"

"नाही," मी म्हणालो. "ताईंचा."

पलीकडे कागदावर पुन्हा पेन चालल्याचं ऐकू आलं.

"बरं," ते म्हणाले. "तसं लिहितो."